बांधकामाच्या साइटवरची सकाळची तपासणी: या चुका टाळा

मुकादम येतो, रजिस्टर उघडतो, कालच्या खुणांखाली आजच्या खुणा करतो आणि सही ठोकतो. मग चहा. जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच साइटवर तपासणी म्हणतात ती एवढीच. खरं तर कामाआधीची फेरी एकाच गोष्टीसाठी असते: काल संध्याकाळी साइट सोडली, तेव्हापासून आतापर्यंत काय बदललं?

सगळ्यात महागात पडते ती चराची चूक. काल चर सरळ उभा होता, रात्री पाऊसही नव्हता, मग बघायचं काय, असं धरलं जातं. आपली तापीकाठची काळी जमीन कापसाला चांगली, खोदाईला वाईट. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पाणी लागलं की फुगते. रावेर-यावलकडे साइटला लागूनच केळीचा मळा असतो. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की मोटर रात्रभर चालू. सकाळी चराच्या त्याच बाजूला खालून ओल धरलेली दिसते. ही ओल, काठाला समांतर गेलेली नवी भेग किंवा तळाशी पडलेली ताजी ढेकळं, यातलं काहीही दिसलं तर त्या चरात कुणाला उतरवायचं नाही, 'पाच मिनिटांचंच काम आहे' म्हणून तर अजिबातच नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना उतार द्या, नाहीतर फळ्या-आडव्यांचा आधार द्या. उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्यावर, जे जास्त भरेल तेवढी लांब हवी. जेसीबीवाला ती काठावरच ओततो. त्याला संध्याकाळीच टोकायला हवं, सकाळी तो दुसऱ्या साइटवर असतो.

परांचीची, म्हणजे उंचावर काम करायला बांधलेल्या पाइप-फळ्यांच्या मचाणाची, तपासणी खाली उभं राहून होत नाही. वर चढा, फळीवर हात दाबा. सेंटरिंगवाल्यांना (स्लॅबचा साचा बांधणाऱ्यांना) फळी कमी पडली की ते परांचीवरचीच उचलतात; उरलेली फळी सरकून तिचं टोक अधांतरी राहतं, त्यावर पाय पडला की माणूस फळीसकट खाली. माल वर घेताना काढलेला कठडा परत बसवला का, हेही वर गेल्यावरच कळतं. मग खाली या आणि पाया बघा. पाइपाखाली वीट ठेवायची सवय आपल्याकडे फार. वीट फुटते आणि ओल्या काळ्या मातीत तो पाय रुततो. बेसप्लेट (पाइपाखालची लोखंडी पाटी) आणि तिच्याखाली जाड फळी हवी.

आणखी एक, काम करणाऱ्याला विचारतच नाहीत. गिलाव्याच्या बाईने काल संध्याकाळीच सांगितलेलं असतं, "दादा, तठली फळी हालस." रजिस्टरात ते कुठेच नसतं. सातपुड्यातून आलेल्या पावरा मजुरांना तर सूचना मराठीत कितपत कळली, हेही कुणी बघत नाही. त्यांच्यातल्याच एकाला रोज फेरीत सोबत घ्या.

विजेच्या बोर्डावर आरसीसीबी असते, म्हणजे करंट गळाला की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच. तिचं टेस्टचं बटण लाईट नसताना दाबून 'ओके' लिहिणारेही आहेत. ती सप्लाय चालू असतानाच तपासता येते: बटण दाबलं की ती लगेच पडली पाहिजे. माणसाच्या बचावासाठी ती 30 मिलिअँपिअरची हवी. पण बटणाने फक्त आरसीसीबी तपासली जाते, अर्थिंग नाही. मिक्सरची अर्थिंगची वायर सुटलेली असली तरी बटण आपलं काम चोख करतं, म्हणून ती वायर डोळ्यांनी बघा. केबलचे जोड पाण्यात पडलेले नकोत, टेप गुंडाळलेला असला तरी.

शिडीचं सोपं आहे: चार मीटर उंचीला पाया एक मीटर बाहेर, वरचं टोक टेकणीच्या मीटरभर वर, आणि बांधलेली.

दोष सापडला, लिहिला आणि काम सुरू, ही चूक तर जाणत्या सुपरवायझरकडूनही होते. स्लॅबची तारीख डोक्यावर असते. त्यावर उपाय म्हणजे तोंडी सांगत बसू नये, तिथली वाटच बंद करावी. परांचीची शिडी काढून घ्या, चराला दोरी लावा, बोर्डाचं मेन पाडून कुलूप घाला. दुरुस्त कोण करणार त्याचं नाव आणि वेळ तिथेच लिहा.

आणि सकाळची सही दिवसभर पुरते असं समजू नका. मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारा वारा बऱ्याचदा दुपारनंतर सुटतो. तो येऊन गेला की परांचीवर कुणी चढण्याआधी फेरी पुन्हा पहिल्यापासून.