जॉब उलटवताना चूक दुप्पट होते

पहिली बाजू कापून झाल्यावर जॉब, म्हणजे कापायला लावलेली फळी, उलटवून दुसरी बाजू कापायची, या एका कामाने मला छोट्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या प्रोग्रामने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर) कित्येक महिने छळले. बिट, फीड, प्रोग्राम हे तुम्हाला येते असे धरून मी फक्त या टप्प्याविषयी लिहितो.

नागपुरात लकडगंजातून आणलेल्या सागाच्या फळीचा, दोन्ही बाजूंनी कोरलेला ट्रे मी करत होतो. यंत्राच्या टेबलावरील एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटात) दोन पिना आधीच बसवलेल्या होत्या आणि जॉब त्यांच्यावरच उलटायचा होता. शून्य, म्हणजे यंत्र जिथून सगळी मापे मोजते ती जागा, मात्र मी दर वेळी फळीच्या कडा मोजून हाताने मध्यावर लावत असे. दुसरी बाजू कापून झाली तेव्हा ट्रेच्या दोन्ही लांब कडांवर नख अडकेल अशी पायरी आली होती. व्हर्निअरने ती 0.8 मिलिमीटर भरली. मी शून्य 0.8 ने सरकवले आणि नव्या फळीवर दोन्ही बाजू पुन्हा कापल्या. पायरी तेवढीच आली, फक्त उलट दिशेला.

हे नीट समजून घ्या, कारण माझ्या तीन फळ्या यातच गेल्या. जॉब प्रत्यक्षात पिनांच्या रेषेभोवती उलटतो, प्रोग्राम मात्र तो शून्याच्या रेषेभोवती उलटला असे धरून चालतो. या दोन रेषांत 0.4 चे अंतर असेल, तर पहिल्या बाजूचे काम पिनांच्या रेषेपासून 0.4 एका अंगाला कापले जाते, आणि फळी उलटली की तेच काम 0.4 दुसऱ्या अंगाला जाऊन बसते. यंत्र मात्र आपल्या जुन्याच जागी कापत राहते, म्हणून फरक 0.8 चा दिसतो. शून्य सरकवायचे ते पायरीच्या निम्म्याने. गॅन्ट्री, म्हणजे कापणारे डोके वाहून नेणारा आडवा पूल, काटकोनात नसेल, तर ती चूकही अशीच दुप्पट होते.

तरीही निम्म्याने सरकवणे ही मलमपट्टीच आहे. खरा उपाय असा, की फळी क्लॅम्पने आवळून शून्य लावावे आणि त्याच सेटिंगमध्ये, शून्याच्या रेषेवरच, फळीतून आरपार खालच्या एमडीएफपर्यंत पिनांची भोके यंत्राकडूनच पाडून घ्यावीत. मग फळीच्या कडा वाकड्या असल्या किंवा शून्य मध्यापासून थोडे ढळलेले असले तरी बिघडत नाही. फळी थोडी मोठी घेतली की पुरे. दोन्ही बाजू पूर्ण होईपर्यंत यंत्र बंद करू नका. होमिंग स्विच (यंत्राला आपली मूळ जागा पुन्हा शोधून देणारा स्विच) नसलेल्या यंत्रात वीज गेली, की ती जागा हरवलीच म्हणून समजा.

एका जुन्या कारागिरांनी मला सांगितले होते, “डोळ्याने जुळवा, लाकूड आहे, लोखंड नाही.” त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण हा सल्ला एका बाजूच्या कामापुरताच खरा आहे. दुहेरी टेपवर उलटवण्याचे व्हिडिओ तर पाहूच नका.

उंचीचे शून्य दोन्ही वेळी फळीच्या एकाच पृष्ठावरून घ्यावे: पहिल्या बाजूला फळीच्या वरून, आणि उलटल्यावर तेच पृष्ठ ज्यावर टेकते त्या एमडीएफवरून. 18 ची म्हणून घेतलेली माझी फळी 17.6 भरली होती. शिवाय मे महिन्यात, कूलरसमोर एक बाजू कापून रात्रभर ठेवलेली फळी सकाळी वाकलेली सापडते, म्हणून दोन्ही बाजू एकाच दिवशी उरका.

एवढे वाचून धास्तावू नका. भोके यंत्राकडून पाडून घेतल्यावर पहिल्याच प्रयत्नात माझी पायरी नखाला लागेनाशी झाली. फक्त एक भोक 6 चे आणि दुसरे 8 चे ठेवा, म्हणजे फळी उलट्या टोकाने बसणारच नाही. हे मला सुचायच्या आधी एका ट्रेची मूठ भलत्याच टोकाला कोरली गेली. तो ट्रे घरी कांदे ठेवायच्या कामी आला.