छंदासाठी पहिला लेथ निवडताना

लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने त्याला आकार देणारं यंत्र. दुकानात जाण्याआधी वर्षभरात करायच्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे व्यास, लांबी, धातू लिहा. पितळी मुठी, सायकलचे बुश, लहानसं वाफेचं इंजिन एवढंच करायचं असेल, तर १८० मि.मी. स्विंग (बेडवर फिरू शकणारा सर्वात मोठा व्यास) आणि ३५० मि.मी. सेंटर अंतराचा (दोन टोकांत मावणारी लांबी) मिनी लेथ पुरतो. दोनशे मि.मी.ची फ्लँज यादीत आली, की तो बाद.

मापं ऐकताना नीट विचारा. सेंटरची उंची सांगितली असेल तर स्विंग तिच्या दुप्पट, पण क्रॉस स्लाइडवरून (टूल आडवं सरकवणाऱ्या भागावरून) जाणारा व्यास त्याहून बराच कमी. ‘साडेचार फुटी’ ही बेडची, म्हणजे खालच्या लांब पायाची, लांबी झाली. हेडस्टॉक (जॉब फिरवणारं डोकं) आणि टेलस्टॉक (समोरचा टेकू) यांची जागा वजा केल्यावर जॉबला, म्हणजे कातायच्या तुकड्याला, उरते ती खरी. स्पिंडलचं (हेडस्टॉकमधल्या फिरत्या पोकळ दांड्याचं) भोकही मोजा. मिनी लेथला ते साधारण २० मि.मी. असतं, म्हणजे २५ मि.मी.चा लांब बार त्यातून जात नाही.

आता जागा आणि वीज. मिनी लेथ सुमारे ४० किलोचा, दोघं मिळून जिन्यावरून नेतात आणि घरच्या सिंगल फेजवर तो चालतो. पण हलका असल्यामुळे एम.एस.वर (साध्या पोलादावर) खोल कट घेतला की थरथरतो आणि जॉबवर लाटा उमटतात. राजकोटकडे बनणारे बिडाच्या बेडचे लेथ काहीशे किलोंचे. काम शांत करतात, पण त्यांना पक्का कोबा हवा. वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांच्या लाकडी माडीवर ते चढवू नका. तळमजल्यावर ठेवणार असाल तर २०२४च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर आठवा: सखल भागात पायातल्या कपाटात मोटर असलेल्या मशीनपेक्षा हेडस्टॉकमागे वर मोटर असलेलं बरं. थ्री फेज मोटर असेल तर १ एचपीची सिंगल फेज मोटर बसवणं हा सोपा उपाय. व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारं उपकरण) लावायचा तर मोटर २३० व्होल्टवर डेल्टा जोडणीत जोडता येते का, सहाही वायरी बाहेर आहेत का, हे मोटर वाइंडरकडून आधी तपासून घ्या.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला जुनं मशीन पाहायला जाताना मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, मायक्रोमीटर, धार लावलेलं टूल, २५ मि.मी.चा एम.एस. बार आणि टॉर्च न्या. जमल्यास आयटीआय झालेला टर्नर सोबत असू द्या. नव्या हिरव्या रंगाला भुलू नका. झीज रंगाखाली लपत नाही, पण नजर मात्र तिकडे जाते.

पहिली तपासणी स्पिंडलची. गेज हेडस्टॉकवर बसवून त्याचं टोक चकच्या (जॉब पकडणाऱ्या भागाच्या) अंगाला लावा आणि चकमध्ये धरलेला लाकडी दांडा बेताने वर उचला. काटा ०.०२ मि.मी.च्या आसपास हलला तर चालेल. जास्त हलला तर बेअरिंग किंवा गनमेटलचे बुश आवळून परत पाहा. तरीही हलला तर भाव उतरवा किंवा मशीन सोडा.

दुसरी तपासणी बेडची, आणि याच ठिकाणी घाई महागात पडते. छोटे जॉब चकजवळच होतात, म्हणून झीजही तिथेच जास्त असते. कॅरेज (बेडवर सरकणारा, टूल वाहणारा भाग) चकजवळ आणून त्याचं लॉक हाताला जेमतेम जाणवेल इतकंच आवळा आणि कॅरेज हळूहळू टेलस्टॉककडे न्या. पुढे जाताना ते अडकू लागलं तर चकजवळ बेड खाल्लेला आहे. हे दुरुस्त करायला बेड ग्राइंड करावा लागतो. पहिल्या मशीनवर तो खर्च करू नये.

मग बार चकबाहेर १०० मि.मी. ठेवून, टेलस्टॉक न लावता, ०.१ मि.मी.चा हलका कट घ्या आणि दोन्ही टोकांचा व्यास मोजा. ०.०३ मि.मी.पर्यंतचा फरक सोसता येतो. जास्त आला म्हणून लगेच नाकारू नका. मशीन लेव्हल लावून सपाट बसवलेलं नसेल तर पिळलेला बेडही असाच टेपर (व्यासातला उतार) देतो. क्रॉस स्लाइडचा ०.२ मि.मी. बॅकलॅश (हँडल उलटं फिरवताना जाणवणारी ढिलाई) हा दोष मानू नका, पितळी नट बदलता येतो.

आटे पाडायचे असतील तर चेंज गिअरचा (आट्याच्या अंतरानुसार बदलायच्या गिअरचा) पूर्ण संच हातात घेऊन मोजा. इंची लीड स्क्रूवर (कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) मेट्रिक आटे अचूक हवे असतील तर १२७ दातांचा गिअर लागतो आणि पूर्ण आटा होईपर्यंत हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा नट) उघडायचा नसतो; मोटर उलटी फिरवून मागे यायचं. सर्वात कमी वेग ६० ते ८० आरपीएम हवा. साध्या टर्निंगसाठी ३१८ गुणिले कटिंग स्पीड भागिले व्यास: एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने २५ मि.मी. एम.एस.ला, मिनिटाला २५ मीटर धरून, ३१८ आरपीएम.

सगळे पैसे मशीनवर संपवू नका. चार जबड्यांचा चक, ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, एचएसएस टूल, ग्राइंडर आणि मापन साधनं यांत मशीनच्या निम्मी रक्कम सहज जाते. तीन जबड्यांच्या चकने काम लवकर होतं, पण जॉब काढून परत नेमका लावायचा तर चार जबडेच हवेत.

पहिल्या दिवसापासून एक सवय: चकची चावी चकमध्ये सोडून हात काढायचा नाही. हातमोजे, लोंबती बाही, ओढणी नको. पावसाळ्यात काम झालं की बेड पुसून ६८ ग्रेडचं तेल लावा आणि सुती कापड टाका. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि गंज धरतो.