आधी पडदा वाचा, मग छतावर चढा: डिश आणि बॉक्सच्या बाबतीत या चुका टाळा

कर्नाटकातल्या बेळगाव भागात, खानापूर, नंदगड, जांबोटीपासून तिकडे निपाणीपर्यंत डिश बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम मी करतो. टीव्ही बंद पडला की माणूस आधी शिडी शोधतो, हे घरोघर दिसतं. पडद्यावर काय लिहून आलंय ते कोणी वाचत नाही. ‘सिग्नल नाही’ आणि ‘हा चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही’ या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली असेल तर डिश, केबल, छत बघा. दुसरी असेल तर डिशला हात लावायचं काहीच कारण नाही, कारण तो चॅनेल बॉक्सपर्यंत पोचतोय, फक्त उघडत नाही. तरीही लोक वर जाऊन डिश हलवतात आणि एका बिघाडाचे दोन करून ठेवतात.

बॉक्स बंद ठेवून रिचार्ज करणे

या चुकीने मला सगळ्यात जास्त पायपीट करायला लावली आहे. डीटीएचचा बॉक्स डिशमधून फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. तुम्ही पैसे भरले की कंपनीच्या केंद्रातून तुमच्या व्हीसी नंबरच्या, म्हणजे बॉक्सच्या कार्डाच्या नंबरच्या, नावाने एक संदेश सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे जातो आणि चॅनेलांच्या सोबतच देशभर खाली येतो. तो सगळ्यांच्याच डिशवर पडतो. त्यातून आपल्या नंबरचा संदेश ओळखून उचलणं हे बॉक्सचं काम. बॉक्स बंद असेल तर संदेश येतो आणि जातो, कंपनीला ते कळतही नाही. काही वेळ तो पुन्हा पुन्हा सोडतात, पण त्याच वाटेने इतर ग्राहकांचेही संदेश जायचे असतात, त्यामुळे तुमच्या एकट्यासाठी तो कायम चालू राहत नाही.

नंदगडच्या पुढे एका गावात आप्पा आणि आक्का दोघंच राहतात, मुलगा पुण्याला. वळवाच्या दिवसांत विजा फार, म्हणून आक्का बॉक्सची पिन काढून ठेवतात. ते योग्यच आहे. मुलाने सकाळी कामावर जाता जाता मोबाईलवरून रिचार्ज केला. संध्याकाळी आक्कांनी टीव्ही लावला, तर सगळे पैशाचे चॅनेल बंद. मुलाने कस्टमर केअरला फोन करून रिफ्रेश, म्हणजे तोच संदेश पुन्हा, सोडायला सांगितलं. तोवर इकडे आक्कांनी ‘दिसतच नाही तर करंट कशाला जाळायचा’ म्हणून पिन परत काढली होती. रिफ्रेश वाया गेला. दुसऱ्या दिवशी मुलाने चिडून पॅक बदलला आणि वर आणखी पैसे भरले. त्याच दिवशी आप्पांनी शेजारच्या पोराला छतावर चढवून डिश ‘जरा इकडं तिकडं’ करून घेतली. मी पोचलो तेव्हा सिग्नलही नव्हता आणि पॅकही नव्हता. आधी डिश जागेवर आणली, मग बंद पडलेला एक चॅनेल लावून ठेवला आणि बॉक्स चालू असतानाच रिफ्रेश मागवला. चहा संपायच्या आत चित्र आलं. डिश हलवली नसती तर हे सगळं फोनवर झालं असतं.

माझी सवय सांगतो. आधी बॉक्स चालू करायचा, जो चॅनेल हवा तोच लावायचा आणि मग पैसे भरायचे. त्यानंतर अर्धा तास रिमोटला हात लावायचा नाही. रिमोटने बंद केलेले बरेच बॉक्स आतून ऐकत असतात हे खरं, पण मी त्यावर विसंबत नाही. मुलं परगावी असतील तर त्यांनी घरी फोन करून ‘बॉक्स चालू आहे का’ विचारावं आणि मगच रिचार्जचं बटण दाबावं. बॉक्सला वायफाय असलं तरी हीच सवय ठेवा.

स्ट्रेंथ बघून डिश लावणे

नवीन पोरं डिश लावताना मेनूतली वरची पट्टी बघतात. स्ट्रेंथ ऐंशी दिसली की खाली ओरडतात, ‘झालं!’ काही झालेलं नसतं. एलएनबीला, म्हणजे डिशच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, करंट मिळाला की ती पट्टी बऱ्यापैकी भरते, डिश रिकाम्या आभाळाकडे असली तरीसुद्धा. बघायची ती क्वालिटीची पट्टी, म्हणजे हव्या त्या उपग्रहाचा सिग्नल किती स्वच्छ येतोय ते. आपल्या दिशेला उपग्रह दाटीवाटीने आहेत. ९१.५ अंश पूर्व रेखांशावर मिआसॅट, ९३.५ ला जीसॅट-१५, ज्यावर डीडी फ्री डिश येते, आणि ९५ ला डिश टीव्हीचा. बोटभर चुकलं की शेजारचा उपग्रह सापडतो. मग स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य.

जांबोटीकडे एका घरी असंच झालं. डिश लावणाऱ्या पोराने स्ट्रेंथ दाखवून पैसे घेतले, चित्र मात्र येईना. मग त्यानेच निदान केलं की समोरचा फणस आडवा येतोय. घरच्यांनी फळाला आलेल्या दोन मोठ्या फांद्या तोडल्या. चित्र तरीही आलं नाही. मी बघितलं तर फणस वाटेत नव्हताच. बेळगाव भागातून ९३.५ चा उपग्रह आग्नेयेला, जमिनीपासून साधारण ६१ अंश वर आहे. म्हणजे दहा फुटांवरचं झाड आडवं यायला ते डिशपेक्षा अठरा फूट उंच हवं. आपल्या डिशची थाळी तिरक्या मांडणीची असते, म्हणून ती बघते त्यापेक्षा बरीच खाली बघतेय असा भास होतो. त्या घरी डिश चुकीच्या उपग्रहावर होती, एवढंच. झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी हा हिशेब करा. फांदी परत येत नाही. मात्र एअरटेलचा उपग्रह १०८.२ अंशावर, आपल्याकडून जेमतेम ४७ अंश वर आहे. तिथे दहा फुटांवरचं झाड डिशपेक्षा अकरा फूट उंच असलं तरी नडतं.

डिश हळू फिरवायची. केसभर सरकवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. भराभर फिरवणाऱ्याला उपग्रह सापडतो आणि कळायच्या आत निसटतोही. क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे बोल्ट आवळायचे, आवळल्यावर पुन्हा बघायचं आणि खांबावर मार्करने खूण करायची. वाऱ्याने डिश सरकली तर ती खूण उपयोगी पडते.

पुण्याचा कोन गावाला लावणे

सुट्टीला येताना बॉक्स आणि डिश घेऊन येणारे डिशच्या मागच्या कोनाच्या पट्टीवरचा आकडा तोच ठेवतात. पुण्याहून इथे आलं की ९३.५ साठी डिश अडीच अंश वर आणि तीन अंश पूर्वेकडे न्यावी लागते. दोन फुटी डिशची नजर इतकी अरुंद असते की एवढ्या फरकाने चित्र जातं.

केबलला पीळ देऊन टेप गुंडाळणे

याचं पितळ जूनमध्ये उघडं पडतं. केबलमधून नुसतं चित्र येत नाही, एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट करंटही त्यातूनच वर जातो. जोडात पाणी शिरलं की करंट पडतो आणि काही चॅनेल दिसतात, काही जातात. मग लोक पॅकला दोष देतात. अखंड आरजी-६ केबल घ्या, टोकाला नीट कनेक्टर बसवा आणि एलएनबीपाशी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

बाकीच्या

दुसऱ्या टीव्हीसाठी केबलवाल्याचा स्प्लिटर लावू नका, दोन तोंडांचा एलएनबी घ्या. डिशच्या दांड्याला कपड्यांची दोरी बांधू नका. मेनूतलं ‘फॅक्टरी रीसेट’ हा उपाय नाही. ओटीपी मागणारा फोन कंपनीचा नसतो.

घाटातल्या कणकुंबीसारख्या मुसळधार पावसात चित्र गेलं तर काही करू नका, थांबा. एवढं पाणी मध्ये असलं की सिग्नल क्षीण होतोच. दर पावसाळ्यात फार वेळ जात असेल तर दोन फुटीऐवजी तीन फुटी डिश घ्या, फरक पडतो. पण भर पावसात शेवाळलेल्या कौलांवर कुणाला चढवू नका.

मराठी चॅनेल गेले ही तक्रार बहुतेकदा पॅकची असते. पत्ता कर्नाटकातला टाकला की कन्नड पॅक पुढे करतात आणि आपण ‘हो’ म्हणून मोकळे होतो. २०१९ च्या फेब्रुवारीपासून चॅनेल सुटा निवडायचा हक्क ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, दिलेला आहे. हवे ते मराठी चॅनेल नावानिशी सांगून घ्या, हवे ते कन्नडही घ्या.

आणि मार्चच्या मध्यात किंवा सप्टेंबर संपताना चार-सहा दिवस दिवसा ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जात असेल, तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. डिश, बॉक्स, केबल कशालाही हात लावू नका, थोड्या वेळाने आपोआप येतं.