पुण्यात बसून बंगाल नागपूर रेल्वेचा इतिहास कसा शोधायचा

माझ्या आईचे वडील गोंदियाला रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या ट्रंकेत कोटाचं एक पितळी बटण होतं, त्यावर इंग्रजी तीन अक्षरं, बी एन आर, आणि सोबत प्रॉव्हिडंट फंडाचं एक पिवळं पडलेलं पुस्तक. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर शिक्का बंगाल नागपूर रेल्वेचा आणि शेवटच्या दोन पानांवर ईस्टर्न रेल्वेचा. घरात सगळे म्हणायचे की आजोबा कलकत्त्याला कधी गेलेच नाहीत मग ईस्टर्न रेल्वे कुठून आली, कोणीतरी चुकीचा शिक्का मारला असणार. चूक नव्हती ती. तो शिक्का समजून घेता घेता मला एका अख्ख्या कंपनीचा इतिहास कळत गेला, आणि अशी वस्तू पुण्यातल्या बऱ्याच घरांत पडून असेल असं मला वाटतं, कारण विदर्भातून इकडे आलेली कितीतरी कुटुंबं रेल्वेची आहेत. म्हणून कसं शोधायचं ते सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी तारीख पक्की करा. नावाच्या मागे लागू नका, नावं बदलत राहतात. तुमच्याकडच्या कागदावर, फोटोमागे, पासवर जे साल दिसेल ते लिहून काढा आणि मग ते या साखळीत बसवा: नागपूर ते राजनांदगाव हा नागपूर छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज रस्ता १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनेच बांधला, १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली तिने तो घेतला, ब्रॉडगेज केला आणि पुढे बिलासपूरवरून आसनसोलपर्यंत नेला, १८९१ मध्ये तो मालगाड्यांना खुला झाला. १ ऑक्टोबर १९४४ ला सरकारने कारभार हातात घेतला. १४ एप्रिल १९५२ ला ही लाईन ईस्ट इंडियन रेल्वेच्या काही डिव्हिजनसोबत जोडून ईस्टर्न रेल्वे झाली. १ ऑगस्ट १९५५ ला त्यातून साउथ ईस्टर्न वेगळी निघाली. आणि २००३ मध्ये त्यातूनही बिलासपूरची साउथ ईस्ट सेंट्रल. आजोबा १९५३ ला रिटायर झाले, म्हणजे ते नेमके त्या मधल्या सव्वातीन वर्षांत सापडले, म्हणून ईस्टर्नचा शिक्का. त्यांची खुर्ची गोंदियातच होती, फक्त मालकाचं नाव बदललं.

ही साखळी का लागते ते सांगतो. कंपनीचे कागद रुळांजवळ राहत नाहीत, ते वारसाकडे, म्हणजे पुढे ज्याच्याकडे कारभार गेला त्याच्याकडे जातात. मी हे न कळता नागपुरातल्या एका रेल्वे ऑफिसला पत्र पाठवलं, चार महिने वाट बघितली, आणि उत्तर आलं की हा आमचा विषय नाही. नागपूरला रेल्वेची दोन डिव्हिजन आहेत हे मला माहीत होतं तरी डोक्यात शिरलं नव्हतं: मुंबईकडून येणारी लाईन जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, ती आज सेंट्रल रेल्वे, आणि पूर्वेकडे जाणारी बीएनआरची, ती आज साउथ ईस्ट सेंट्रल. दोन कंपन्या एकाच गावात येऊन भिडल्या त्याचा हा परिणाम, आजही चालू आहे. तेव्हा पत्र लिहायच्या आधी तुमचं स्टेशन कोणत्या बाजूचं ते बघा. इतवारी, कामठी, तुमसर, गोंदिया, डोंगरगड म्हणजे बीएनआर. वर्धा, पुलगाव, बडनेरा म्हणजे जीआयपी.

आता वारस तीन ठिकाणी आहेत. कंपनी होती लंडनची, भागधारक तिथले, डायरेक्टर तिथे बसायचे, भारतातला सगळ्यात मोठा साहेब म्हणजे एजंट, तो कलकत्त्याला गार्डन रीचमध्ये. त्यामुळे संचालकांच्या पातळीवरचे कंपनीचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात. सरकारशी झालेला पत्रव्यवहार, म्हणजे जमीन, दर, अपघात, संप, हा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि यातलं बरंच काही अभिलेख पटल या पोर्टलवर घरबसल्या शोधता येतं, काही फायली स्कॅन केलेल्याही आहेत. तिसरा वारस गार्डन रीचचं मुख्यालय, तिथे आज साउथ ईस्टर्न रेल्वे आहे. ती जागा बघण्यासारखीच, अवधचे नवाब वाजिद अली शहा लखनौ सुटल्यावर मटियाबुर्जला राहिले त्याच परिसरातली, हुगळीच्या काठावर.

पोर्टलवर शोधताना जुनी स्पेलिंग टाका, हे फार महत्त्वाचं आहे. नागपूर कधी शेवटी 'पोर' लावून लिहिलेलं असतं, राजनांदगाव दोन शब्दांत तोडलेलं असतं. टाटानगर शोधाल तर १९१९ च्या आधीचं काही मिळणार नाही कारण तोवर त्या स्टेशनचं नाव कालीमाटी होतं. मी गोंदियाच्या नावाने शोधत बसलो होतो तेव्हा फारसं काही आलं नाही, मग 'सातपुडा' टाकलं आणि धडाधड फायली आल्या, कारण गोंदिया ते जबलपूर ही नॅरोगेज लाईन, अडीच फुटी, १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाली आणि कागदोपत्री तिचं नाव सातपुडा रेल्वे.

पुण्यात काय मिळेल? माझ्या मते सुरुवात बीएमसीसी रोडवरच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीतून करा. भारत सेवक समाजाच्या काळापासूनचा संग्रह आहे, जुने सरकारी रिपोर्ट पुष्कळ. आधी कॅटलॉगमध्ये रेल्वेचे वार्षिक प्रशासन अहवाल बघा, कंपनीवार मैल, डबे, भाडं, खर्च असे तक्ते असतात. कंटाळवाणे वाटतील पण एखाद्या वर्षी धान्याची वाहतूक एकदम वाढलेली दिसली की त्या वर्षी दुष्काळ होता का ते तपासा. ही लाईन मुळात त्यासाठीच हवी होती, १८७० च्या दशकातल्या भयंकर दुष्काळानंतर छत्तीसगडचा तांदूळ-गहू बाहेर काढायला रस्ता पाहिजे अशी मागणी होती, आणि दुसरं म्हणजे मुंबई-कलकत्ता हा अलाहाबादवरून जाणारा वळसा टाळायचा होता. हे कारण लक्षात ठेवलं की आकडे आपोआप बोलायला लागतात. मध्य प्रांताची जुनी जिल्हा गॅझेटियर, म्हणजे एकेका जिल्ह्याची सरकारी माहितीची पुस्तकं, ऑनलाईन फुकट आहेत, भंडारा जिल्ह्याचं नक्की वाचा, गोंदिया तेव्हा त्यातच होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे निराश होणार नाही. नावं शोधायला गेलात तर थॅकरच्या डिरेक्टरीत, म्हणजे दरवर्षी निघणाऱ्या नावं-पत्त्यांच्या जाड पुस्तकात, गोरे आणि अँग्लो इंडियन कर्मचारी ओळीने सापडतील, अगदी कोण ड्रायव्हर कोणत्या स्टेशनला ते सुद्धा. आपली माणसं जवळपास नाहीत. गँगमन, पॉइंट्समन, खलाशी, यांची नावं कंपनीने छापलीच नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण लाईन त्यांनीच उचलून धरली. त्यांच्यासाठी संपांच्या फायली बघा. खरगपूरच्या वर्कशॉपमध्ये १९२७ ला मोठा संप झाला, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी बीएनआरच्या कामगार संघटनेतच काम करायचे. बाकी सगळं घरात. फंडाचं पुस्तक, पासची पावती, रेल्वे क्वार्टरसमोरचा ग्रुप फोटो. फोटो मोबाईलने काढताना मागची बाजूही काढा, स्टुडिओचा शिक्का गाव सांगतो.

आणि मग प्रत्यक्ष जा. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस पकडा, संध्याकाळी निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर, आणि तिथून हावड्यापर्यंत तुम्ही बीएनआरच्याच लाईनवर असता. खिडकीची जागा घ्या. सालेकसा-दरेकसाजवळ जंगल आणि बोगदा येतो, मग डोंगरगड, बिलासपूर, चक्रधरपूर, टाटानगर, खरगपूर. पण एक ध्यानात ठेवा, शेवटचा तुकडा नंतरचा आहे. कोलाघाटला रूपनारायण नदीवर पूल झाला आणि १९०० मध्ये खरगपूरहून हावड्याला वाट मिळाली, त्याआधी मुख्य लाईन सिनीवरून पुरुलिया, आद्रा करत आसनसोलला ईस्ट इंडियन रेल्वेला जाऊन मिळायची. म्हणजे १८९५ ची एखादी प्रवासाची गोष्ट घरात सांगत असतील तर त्यात खरगपूर येता कामा नये.

नागपूरला उतरलात तर मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम बघा, छोटी इंजिनं जवळून बघता येतात, हात लावता येतो. मोठं इंजिन बघायचं असेल तर दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये बीएनआरचं गॅरेट जातीचं वाफेचं इंजिन आहे, मँचेस्टरच्या बेयर पीकॉकचं, दोन्ही टोकांना चाकांचे संच आणि मधे बॉयलर. वळणं घेताना मधून वाकतं म्हणून अवजड मालगाड्यांना चालायचं.

स्टेशनवर गेल्यावर इमारतीपेक्षा खाली बघा. जुने रूळ कापून कुंपणाचे खांब केलेले असतात, त्याच्या कडेला उठावाची अक्षरं असतात, कारखान्याचं नाव आणि साल, कधीकधी रेल्वेचीही अक्षरं. रंगाचे थर बसलेले असतात त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. कोरा कागद वर ठेवून पेन्सिल आडवी घासा, किंवा मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूने मारा. गोंदियाला एका खांबावर मी असंच केलं, गंज आणि हिरवा रंग, आधी नुसती पुसट रेघ, मग हळूहळू बी, एन, आर. खिशात आजोबांचं बटण होतं, ते शेजारी धरून फोटो काढला. स्टेशन मास्तरांना आधी विचारून घ्या, नाव-गाव आणि कशासाठी ते सांगितलं तर बहुतेक जण स्वतः येऊन दुसरा खांब दाखवतात.