लँडलाइन काढली, हॉटस्पॉट आणला

लँडलाइनचं इंटरनेट सारखं तुटायचं, म्हणून ते बंद करून सिमवाला हॉटस्पॉट घेतला. पहिले दोन दिवस वेग इतका कमी की निर्णय चुकला असंच वाटलं. मग सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा पाहिला. हॉटस्पॉट टीव्हीमागच्या कपाटात असताना उणे ११२ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), खिडकीत ठेवल्यावर उणे ९१! हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दर १० डीबीला (डेसिबलला) ताकद दहापट होते, म्हणून २१ डीबीचा फरक म्हणजे जवळपास सव्वाशेपट ताकद, तीही फक्त जागा बदलून. व्हिडिओ कॉल आता अडकत नाहीत. आतल्या खोलीसाठी वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवलं. ५ गिगाहर्ट्झ भिंतींपलीकडे फार कमी पोहोचतं. बाहेरून घरचा कॅमेरा मात्र उघडेना, कारण मोबाइल नेटवर्कवर बहुतेकदा एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) अनेकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट आपल्या घरापर्यंत पोहोचता येत नाही. तो प्रश्न कॅमेऱ्याच्या क्लाउड ॲपने, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडणाऱ्या ॲपने सुटला.