रेड सॉक्स–यँकीजच्या मॅचला बाबांना नेताना

तिकिटापासून सुरुवात करा, पण तिकीट काढायच्या आधी खांब बघा. बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचं मैदान, फेनवे पार्क, १९१२ चं. छत पेलणारे खांब ग्रँडस्टँडमध्ये अजून प्रेक्षकांच्या मधेच उभे आहेत. न्यूयॉर्कचे यँकीज येणार म्हटल्यावर दर चढतात, म्हणून स्वस्त सीट दिसली की मोह होतो. गेल्या वेळी मी साइटवर सीटच्या माहितीखालची बारीक अक्षरातली सूचना न वाचताच पैसे भरले. बाबांना चेंडू टाकणारा पिचर दिसत होता, बॅटर दिसत नव्हता. दुसऱ्या इनिंगला त्यांनी विचारलं, "हा टाकतोय कुणाला?" तेव्हा सीटवरून नक्की काय दिसतं त्याचा फोटो शोधा. उजव्या टोकाच्या काही सीटांचं तोंड होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा राहतो तिकडे, नसतंच, तिथे मान धरते. जुन्या लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, गुडघे दुखत असतील तर कडेचीच सीट घ्या.

गाडी नेऊ नका. फ्रेमिंगहॅम, वेस्टबरो, वूस्टरकडची आपली मंडळी कम्यूटर रेलने लॅन्सडाउनला उतरली की ग्राउंड समोरच. शहरातून येणाऱ्यांना ग्रीन लाइन मेट्रोचं केनमोर स्टेशन. परतीच्या गाड्यांच्या वेळा मात्र घरूनच बघून निघा. बॅगेचा नियम फार कडक आहे, क्लबच्या साइटवर आदल्या दिवशी वाचा आणि शक्यतो बॅग नेऊच नका. तिकिटं फोनवर असतात, त्यामुळे फोन पूर्ण चार्ज हवा. बाबांच्या गोळ्या तुमच्या खिशात ठेवा. एप्रिलमधली रात्रीची मॅच असेल तर स्वेटर, कानटोपी, सगळं घ्या. साताऱ्याची थंडी वेगळी. शाकाहारी माणसाला घरून पोटभर जेवायला घालून न्या, तिथे शेंगदाणे आहेतच, आणि हॉट डॉग कशाचा ते विचारल्याशिवाय हातात देऊ नका.

आता टोपी. दोन्ही संघांची टोपी गडद निळी, खरा फरक अक्षरांत: लाल 'बी' बॉस्टनचं, पांढरं 'एन-वाय' न्यूयॉर्कचं. न्यू जर्सीच्या भाच्याने प्रेमाने दिलेली टोपी बाबांनी घातली आणि गाडीत अख्खा डबा त्यांच्याकडे बघून ओरडला. बाबांना वाटलं, स्वागत चाललंय. त्यांनी हात हलवला!

हे वैर आधी घरी सांगून ठेवा, नियमांपेक्षा तेच जास्त कामाला येतं. बॉस्टनने बेब रूथ हा आपला खेळाडू न्यूयॉर्कला विकला, सौदा १९१९ च्या डिसेंबरात ठरला. १९१८ ला जिंकलेलं विजेतेपद बॉस्टनला पुन्हा मिळायला २००४ उजाडलं. त्या वर्षी यँकीजविरुद्धच्या मालिकेत ०–३ ने मागे पडून चार सामने ओळीने जिंकले होते. एवढं कळलं की शेजारचा म्हातारा का ओरडतोय ते कळतं.

नियम तीनच सांगा: तीन आउट झाले की डाव बदलतो, असे प्रत्येक संघाचे नऊ डाव, आणि बरोबरी राहत नाही. "म्हणजे क्रिकेटमधलं अमुक" हे टाळा, त्याने गोंधळच वाढतो. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलंय, खेळ भराभर सरकतो, तेव्हा चहा-कॉफीला उठायचं ते डाव बदलतानाच.

मॅचच्या तासभर आधी आत जा. डावीकडची ३७ फुटी हिरवी भिंत बघू दे त्यांना, तिच्या पायथ्याचा धावफलक आजही माणसं हाताने पाट्या लावून चालवतात. मग उजवीकडे हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रातली एकच लाल खुर्ची शोधायला लावा. १९४६ ला बॉस्टनच्या टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेला फटका, तिथे पडला, एका प्रेक्षकाच्या गवती टोपीला भोक पाडून. बाबांना ती सापडायला वीस मिनिटं लागली. सापडल्यावर म्हणाले, "त्याला नवी टोपी कुणी दिली का?"