निवृत्तांचा संगणक कट्टा कसा चालवावा: सोलापूरच्या पूर्व भागातून

निवृत्त माणसांसाठी संगणक कट्टा काढायचा असेल, तर आधी अभ्यासक्रम आखत बसू नका. दारातून आत येणाऱ्याला एवढंच विचारा, "मामा, काय काम अडलंय?" कुणाचा हयातीचा दाखला राहिलेला असतो, कुणाला मुलीनं पाठवलेले नातवाचे फोटो मोठे करून बघायचे असतात, कुणाला अक्कलकोट तालुक्यातल्या वाटणीच्या जमिनीचा सातबारा बघायचा असतो. त्या कामापासूनच सुरुवात करा. पहिल्या दिवशी फळ्यावर संगणकाचे भाग लिहून दाखवले की माणसं मान डोलावतात आणि पुन्हा येत नाहीत. ज्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचा सातबारा उघडला, तो दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन येतो.

मी कापड कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. आमचा कट्टा अशोक चौकाजवळ समाजमंदिराच्या खोलीत भरतो. येणाऱ्यांत आयुष्य मागावर काढलेले विणकर आहेत, विड्या वळणाऱ्या अक्का आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षकही आहेत. एकाच टेबलावर तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी चालते. पुढे लिहिते आहे ते सगळं या खोलीत करून बघितलेलं आहे.

जागा आणि वेळ

खोली तळमजल्यावर हवी आणि स्वच्छतागृह जवळ हवं. या दोन गोष्टी नसतील तर बाकी कितीही चांगलं असलं तरी जागा घेऊ नका. खुर्च्या हाताच्या घ्या, उठताना आधार लागतो.

वेळ ठरवताना आधी गल्लीचा पाण्याचा दिवस विचारा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घरातलं मोठं माणूस नळाशी असतं, वर्गाला येत नाही. एप्रिल-मेमध्ये वर्ग सकाळी आठलाच लावा. दुपारी चाळिशीच्या वर गेलेल्या उन्हात सत्तरीच्या माणसाला बाहेर काढणं बरं नाही. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, मग रमजान असतो. या दिवसांत नवीन काही शिकवू नका. जे येतील त्यांना सराव करू द्या.

यंत्रं

जुने डेस्कटॉप चालतात. कुणा कार्यालयातून काढलेले मिळाले तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा वेगवान साठवण, बसवून घ्या. तेवढ्या एका खर्चात यंत्र कामाला येतं. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. तिथे आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकतो. चार जीबी रॅम असली की ते नीट चालतं, त्यात मराठी लिहिता येतं आणि पैसेही लागत नाहीत. शिकणाऱ्याला फरक जाणवत नाही, त्याला ब्राउझर उघडायचा असतो.

पूर्व भागात हवेत सुताची बारीक धूळ असते. ती पंख्यात साचते, यंत्र तापतं आणि आपोआप बंद पडतं. महिन्यातून एकदा झाकण काढून ब्लोअर मारा. एक यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ यंत्र चालू ठेवणारी बॅटरी, घ्याच. वीज गेल्यावर पडदा अचानक काळा झाला, की शिकणाऱ्याला वाटतं आपल्याच हातून काही बिघडलं, आणि पुढचे कित्येक दिवस तो कळ दाबायला धजत नाही.

पडद्यावरची अक्षरं दीडपट करा. माऊसचा बाण मोठा करा आणि डबल क्लिकचा वेग अगदी कमी ठेवा. बोटं थरथरणाऱ्याला एवढ्यानंच हुरूप येतो. आणखी एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. दोन नंबरांचा चष्मा असणारा माणूस खालच्या काचेतून वाचतो. पडदा उंच असला की तो हनुवटी वर करून बसतो आणि अर्ध्या तासात मान धरते. अशांसाठी पडदा खाली घ्या, थोडा मागे कलता ठेवा.

माऊस कुणाच्या हातात

कट्ट्याचा एकच नियम भिंतीवर लावलाय: माऊस शिकणाऱ्याच्याच हातात राहील. शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि तोंडानं सांगायचं. कॉलेजची मुलं प्रेमानं मदतीला येतात, पण "थांबा काका, मी करून देतो" म्हणत झटकन काम उरकून टाकतात. काकांचं काम होतं आणि शिकायचं राहून जातं. त्या मुलांना यंत्रदुरुस्ती द्या, शिकवायला मागच्या तुकडीतली माणसं घ्या. जिला गेल्या महिन्यात बाण सापडत नव्हता, तिला दुसऱ्याचा बाण कुठे हरवतो ते बरोबर कळतं.

माऊसवर हात बसवायला आम्ही नकाशा वापरतो. उपग्रहाच्या चित्रात सिद्धेश्वर तलाव शोधायला सांगा. मधोमध देऊळ दिसतं, शेजारी भुईकोट किल्ला. तिथून चित्र ओढत ओढत स्वतःच्या गल्लीपर्यंत यायचं. चाक फिरवणं, कळ दाबून धरणं, ओढणं, सोडणं हे सगळं त्यात येतं आणि वर्ग भरल्यासारखं वाटत नाही. तेलुगू घरांतली माणसं पुढे स्वतःहून तेलंगणात जातात. आजोबांनी जे गाव सोडून मागावर काम करायला सोलापूर गाठलं, ते गाव बघण्यात त्यांचा अख्खा तास जातो. जाऊ द्या.

चादरीच्या नक्षीसाठी जकार्डचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पाडणारे एक अण्णा आमच्याकडे येतात. भोक असलं तर तार उचलायची, नसलं तर खाली राहायची, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. संगणकही असाच दोनच गोष्टी ओळखतो, आणि फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेल्या त्या जकार्डच्या पत्त्यांवरूनच पुढे हिशेबाच्या यंत्रांना भोकांचे पत्ते मिळाले, हे मी त्यांना सांगितलं. आता नव्या माणसाला ते अण्णाच समजावतात. तुमच्याकडे येणाऱ्यांच्या धंद्यात असं काही असेल तर हुडकून काढा.

मराठी लिहिणं

आवाजानं टाइप करायची सोय फोनवर आहे, ती जरूर दाखवा. पण ज्याला हातानं लिहायचंय त्याला इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी, शिकवा. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची पद्धत इंग्रजी येणाऱ्याला सोपी. विडी वळणाऱ्या अक्कांना ती दोनदा अवघड. इनस्क्रिप्टमध्ये काने-मात्रे-वेलांट्या डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला असतात. कळांवर देवनागरी स्टिकर लावा आणि पहिला शब्द "सोलापूर" द्या. स उजवीकडे, ओकार डावीकडे, ल उजवीकडे, काना डावीकडे, प उजवीकडे, दीर्घ ऊकार डावीकडे, र उजवीकडे. सात कळा, शिफ्ट एकदाही नाही, आणि हात आलटून पालटून पडतात, मागावर धोटा इकडून तिकडे जावा तसे. विणकरांना ही लय लगेच सापडते. दुसऱ्या दिवशी शिफ्ट शिकवा: क च्याच कळेवर ख, ग च्याच कळेवर घ. बाराखडी पाठ असणाऱ्याला बाकीचं फारसं सांगावं लागत नाही. तेलुगू आणि कन्नडचे इनस्क्रिप्टही त्याच मांडणीचे आहेत, म्हणून एकाच बाकावर तिन्ही भाषा शिकता येतात.

हयातीचा दाखला

नोव्हेंबर हा आमचा सगळ्यात गर्दीचा महिना, कारण सरकारी पेन्शनरांचे दाखले तेव्हाच जातात. ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांना आधी बोलवा. कारखान्यातून निवृत्त झालेल्या ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडून पेन्शन मिळणाऱ्यांना, वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून तो बारा महिने चालतो. त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत आणू नका.

मागावर किंवा विडीच्या पानावर घासून बोटांचे ठसे पुसट होतात. ठशाचं यंत्र बोट ओळखत नाही आणि अक्का उगाच ओशाळून बसतात. त्यासाठी चेहऱ्याची पद्धत आहे. फोनवर "आधार फेस आरडी" आणि "जीवन प्रमाण" ही दोन ॲप लागतात. फोन ज्याचा आहे त्याची ऑपरेटर म्हणून एकदा नोंद झाली, की त्याच फोनवरून बाकीच्यांचेही दाखले देता येतात. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शनचं खातं आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढं घेऊन यायला आदल्या दिवशीच सांगा. फोटोच्या वेळी माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतो. चष्म्यावर उजेड चमकत असेल तर तो काढायला सांगा. डोळे मिटून उघडायला सांगितलं, की काही जण भीतीनं घट्ट मिटूनच घेतात. आधी दोनदा सराव करून घ्या. शेवटी येणारा प्रमाण क्रमांक त्यांच्याच वहीत, त्यांच्याच हातानं लिहून घ्या.

ईपीएस-९५ ची किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये आहे. तेवढ्यात भागवणाऱ्याकडून दाखल्याचे पैसे घेऊ नका. आम्ही घेत नाही.

फसवणूक

हा भाग नुसता सांगून भागत नाही, वठवून दाखवावा लागतो. आमच्यातला एक जण बाहेरच्या व्हरांड्यातून फोन करतो आणि दरडावतो: "तुमची पेन्शन आज बंद होईल, ओटीपी सांगा." किंवा, "पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका." ज्याला फोन आला त्यानं सगळ्यांदेखत तो कापायचा. फोन कापायलाही सराव लागतो. सभ्य माणसाला समोरच्याचं बोलणं तोडणं जड जातं, आणि फसवणारे नेमकं त्यावरच टपलेले असतात. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना आणि शिल्लक बघताना लागतो, पैसे यायला तो कधीच लागत नाही, हेही. पैसे गेलेच तर घरच्यांच्या रागाची वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. हा आकडा आम्ही प्रत्येक पडद्याच्या चौकटीवर चिकटवलाय.

कट्ट्याच्या यंत्रावर बँकेचं काम कुणी करत नाही. शिकवणाऱ्यानं कुणाचाही पासवर्ड ऐकायचा नाही. तो टाइप होत असताना तोंड फिरवायचं. पासवर्डची वही घरी कपाटात ठेवायची, पिशवीत नाही.

पैसे आणि कागद

सुरुवातीला संस्था नोंदवायच्या मागे लागू नका. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या छत्राखाली चालू करा. स्वतंत्र बँक खातं किंवा देणगी घ्यायची वेळ आली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानं नोंदणी करता येते, त्याला किमान सात सभासद लागतात. वर्गणी थोडी ठेवा पण ठेवा, फुकट असलं की लोक संकोचानं प्रश्न विचारत नाहीत. जमा-खर्च दर महिन्याला फळ्यावर लिहा: वीज, इंटरनेट, चहा, दुरुस्ती. ज्याला वर्गणी जड जाते त्याचं नाव फळ्यावर येऊ देऊ नका. ते खजिनदारानं आपल्यापाशी ठेवायचं आणि पावती सगळ्यांसारखीच द्यायची.